दिव्याच्या दोन खुंट्या

गेल्या आषाढांतली गोष्ट आहे. मी सांगलीहून मिरजेच्या बाजूस चाललों होतों. सायंकाळचे सहा वाजून गेले होते. आभाळ भरून आल्यामुळें दिवेलागणीच्या आधींच अंधारलें होतें आणि पाऊस बारीक बारीक पडत होता. डाव्या हाताच्या एका अरुंद गल्लींत मला वळावयाचें होतें; म्हणून रीतीप्रमाणें डावा इंडिकेटर लावून मीं वेग कमी केला. गल्लीच्या तोंडाशीं एक सायकलस्वार मोठ्या रस्त्यावर येण्यासाठीं खोळंबून उभा होता. मी वळलों, आणि नेमका त्याच क्षणीं तो पुढें आला. मीं करकचून ब्रेक दाबला, त्यानेंहि दाबला. गाडी थांबली; पण सायकल निसटली आणि तो ओल्या डांबरावर आडवा झाला. दैव बलवत्तर म्हणून गुडघा व कोपर खरचटण्यावर निभावलें. जेवणाचा डबा मात्र उघडून रस्ताभर सांडला. अंगावरचा चिखल झटकीत तो म्हणाला, ‘काका, दिवा मारून मला ये म्हणालात, आणि वर माझ्याच अंगावर गाडी घातलीत?’

मीं कांहीं त्याला दिवा मारला नव्हता. पण त्याचें म्हणणें खोटें म्हणतां येईना, कारण माझ्या गाडीचा पुढचा डावा इंडिकेटर पांढरा लुकलुकत होता. समोरच्या गाडीनें पांढरा दिवा मिचकावला म्हणजे ‘तूं आधीं नीघ’ अशी ती खूण आहे, असें आपल्या रस्त्यांवर पुष्कळजण समजतात. त्या गृहस्थानें तसेंच समजून पायडलवर पाय दिला होता.

याचें मूळ आठ दिवसांपूर्वींचें होतें. जुना दिवा जळाला म्हणून मी घराजवळच्या एका गॅरेजमध्यें गेलों होतों. मिस्त्र्यापाशीं नारिंगी दिवा नव्हता, पांढरा होता. आणि तो जागेवर बसेना. या दिव्यांच्या धातूच्या टोपणाला बाजूस दोन बारीक खुंट्या असतात; त्यांतली एक कांहीं केल्या खांचेंत उतरेना. मिस्त्र्यानें कानस घेतली, ती खुंटी घासून सपाट केली आणि उरलेल्या एका खुंटीवर दिवा बसवून दाखविला. ‘बघा सर, लागला ना? मग झालं!’ मीहि ‘झालें’ म्हणालों आणि पैसे दिले. मुलांच्या वह्या तपासण्यांत ज्याचा जन्म गेला त्यानें तरी विचारावयास हवें होतें कीं, जी खुंटी बसत नाहीं ती मुळांत तेथें कशासाठीं ठेवली आहे? तो प्रश्न मला डबा सांडल्यावर सुचला. त्याच्या उत्तरासाठीं जो इतिहास मला चाळावा लागला तो आज आपल्यापुढें मांडणार आहें.

वळण्याची खूण प्रथम हाताची होती. सायकलवाला हात पसरी. मोटार आली तेव्हां मोटारवाल्यानेंहि तेंच केलें. आपल्याकडे ही खूण कायद्यांतून अजून गेलेली नाहीं, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२१ व्या कलमांत असें आहे कीं, चाक उजवीकडे असलेल्या गाडीनें वळण्याची खूण यंत्रानें किंवा विजेच्या साधनानें ‘दिली तरी चालेल’. चाक डावीकडे असलेल्या गाडीनें मात्र ती साधनानेंच दिली पाहिजे. कारण उघड आहे. डावीकडे बसलेल्या माणसाचा हात रस्त्याच्या मध्याकडून दिसणारच नाहीं. १९८९ च्या नियमांत हाताच्या खुणाहि दिल्या होत्या. उजवीकडे वळतांना उजवा हात आडवा पसरून तळवा पुढें करावयाचा; डावीकडे वळतांना तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनें फिरवावयाचा. आमच्या लहानपणीं एस. टी. चे ड्रायव्हर ही दुसरी खूण अशा झोकांत करीत कीं, आम्ही मुलें ती नक्कल करीत गल्लींतून धांवत असूं.

परंतु हाताची खूण ही उजेडाची व कोरड्या हवेची सोबतीण. रात्र पडली कीं हात दिसत नाहीं. पाऊस लागला कीं तो बाहेर काढवत नाहीं. शिवाय १९२० नंतरच्या दशकांत उघड्या मोटारी मागें पडून कांचा लावलेल्या बंद मोटारी वाढल्या. तेव्हां माणसाच्या हाताऐवजीं गाडीलाच एक हात असावा, ही कल्पना पुढें आली. खरें तर ती त्याहून जुनी आहे. पर्सी डग्लस-हॅमिल्टन यांना १९०९ सालीं अमेरिकेंत जें पेटंट मिळालें त्यांतील दिवे मुद्दाम माणसाच्या पंजाच्या आकाराचे होते! नवी वस्तु आली तरी मन जुन्या खुणेला कसें चिकटून असतें, याचें मला हें फार गमतीचें उदाहरण वाटतें. मूकपटांच्या काळांतील प्रसिद्ध नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स यांनींहि १९१४ च्या सुमारास बटण दाबतांच गाडीच्या मागें निशाण उचललें जाईल अशी योजना केली होती. त्यांनीं पेटंट घेतलें नाहीं, त्यामुळें त्यांच्या पदरीं कांहीं पडलें नाहीं.

युरोपांत जो प्रकार रूढ झाला तो दारालगतच्या खांबांतून बाहेर येणाऱ्या छोट्या आडव्या हाताचा. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९२८ सालीं तो ‘विंकर’ या नांवानें बाजारांत आणला. इंग्लंडांत त्यालाच ‘ट्रॅफिकेटर’ म्हणत. बटण दाबलें कीं विद्युच्चुंबक तो हात उचलून धरी आणि त्याच्या पोटांतला लहानसा दिवा लागे. हा दिवा मोठा नाजुक, लांबट काचनळीचा व दोन्ही टोकांना निमुळत्या टोप्या असलेला असे. तो लुकलुकत नसे, नुसता जळत राही. १९४८ सालीं निघालेल्या मॉरिस मायनर गाडीला असेच हात होते, आणि इंग्लंडांत ते १९६१ पर्यंत टिकले. हीच गाडी आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें विकली जाई. हे हात पुष्कळदां अडकून बसत आणि मग चालकाला खांबावर आंतून मूठ मारावी लागे. बाहेर आलेला हात कोणाच्या तरी धक्क्यानें मोडून जाणें, हेंहि नित्याचें.

लुकलुकणारा दिवा आला तो अमेरिकेंतून. ब्यूक गाड्यांवर १९३९ सालीं तो कारखान्यांतूनच बसवून मिळूं लागला. पण फक्त मागें. पुढल्या वर्षीं पुढेंहि आला, आणि वळण संपून चाक सरळ झालें कीं खूण आपोआप बंद होण्याची सोयहि त्याबरोबर आली. स्थिर दिव्यापेक्षां लुकलुकणारा दिवा डोळ्याला चटकन जाणवतो. आपण समोर पाहात असलों तरी डोळ्याच्या कडेला कांहीं हललें कीं मान वळते, तसेंच हें.

आतां हा दिवा लुकलुकतो कसा, तें थोडें सांगितलें पाहिजे. कारण चुकीच्या दिव्याची अर्धी कहाणी तेथेंच आहे. जुन्या गाड्यांत ‘फ्लॅशर’ नांवाची एक छोटी डबी असे. तिच्या कांहीं प्रकारांत दोन धातूंची जोडपट्टी असे. दिव्यांकडे जाणारी वीज तिला तापवी. तापली कीं ती वांकून जोड तोडी, निवली कीं पुन्हां जोडी. गाडीच्या आंत जें ‘टक् टक्’ ऐकूं येतें तें मूळचें या डबीचें. (हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत ही डबीच नसते आणि तो आवाज केवळ आपल्या संवयीखातर मुद्दाम काढलेला असतो.) या डबीचा हिशेब ठराविक विजेवर बसविलेला असे. बारा व्होल्टच्या गाडींत २१ वॅटचा एक दिवा सुमारें पावणेदोन अँपिअर वीज घेतो. पुढचा व मागचा मिळून साडेतीन. त्यांतला एक जळाला किंवा त्याच्या जागीं लहान दिवा बसविला, तर पट्टी पुरेशी तापत नाहीं आणि लुकलुकण्याची लय बिघडते किंवा तें थांबतें. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले तेव्हां ही गोष्ट मुद्दाम राखण्यांत आली. एक दिवा गेला कीं उरलेला दुपटीनें भराभर लुकलुकूं लागतो. तो गाडीचा बिघाड नव्हे. गाडीनें चालकाला दिलेली सूचना आहे.

रंगाची कथा याहून उशिराची. १९६० च्या सुमारापर्यंत बहुतेक देशांत पुढचा इंडिकेटर पांढरा व मागचा तांबडा असे. पुढचे इतर दिवेहि पांढरे, मागचे इतर दिवेहि तांबडे. म्हणजे खुणेचा दिवा आपल्याच भावंडांत हरवून जाई, जसा माझा त्या संध्याकाळीं हरवला. अमेरिकेंतील कारखानदारांनीं १९६३ सालच्या गाड्यांपासून पुढच्या खुणेसाठीं नारिंगी रंग घेतला. तेथील कायद्यानें तो १९६८ पासून सक्तीचा झाला. तांबडा म्हणजे गाडीची पाठ, पांढरा म्हणजे गाडीचें तोंड, हा संकेत आधींच रूढ होता. या दोहोंहून निराळा आणि लांबून ओळखूं येणारा असा हा तिसरा रंग होता. मागच्या बाजूस अमेरिकेंत तांबडा इंडिकेटर अजूनहि चालतो, आणि ब्रेक व वळण यांची खूण पुष्कळ गाड्यांत एकाच दिव्यावर भागवितात. मला ही काटकसर पटत नाहीं. पण तो त्यांचा प्रश्न. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०२ वा नियम स्पष्ट आहे. दिवा नारिंगी असावा, आणि तो मिनिटास ६० हून कमी नाहीं व १२० हून अधिक नाहीं इतक्या वेळां लुकलुकावा.

आणि आतां त्या खुंट्या. आपल्या घरांतला जुना विजेचा दिवा आठवून पाहा. तो दाबून, किंचित् फिरवून बसवावा लागतो, कारण त्यालाहि दोन खुंट्या असतात. बंदुकीच्या नळीवर संगीन जशी दाबून फिरवून अडकवीत, तशी ही रीत. म्हणून तिला इंग्रजींत संगिनीचेंच नांव आहे. विजेच्या दिव्याचे एक जनक जोसेफ स्वान यांचे बंधु आल्फ्रेड यांचें नांव या टोपणाशीं जोडलें जातें. एडिसन यांच्या अमेरिकेंत आट्यांचा, म्हणजे पिळून बसवावयाचा दिवा रूढ झाला; इंग्रजांच्या देशांत खुंट्यांचा, आणि त्यांच्यामागून तो आपल्या घरांत आला. मोटारींत मात्र खुंट्यांचीच सरशी झाली. खडबडीत रस्त्यावर हादरे बसून आट्या सैल होतील. खुंटी खांचेंत अडकली व खालून स्प्रिंगनें रेटा दिला म्हणजे दिवा हालत नाहीं. घरच्या दिव्याचें टोपण २२ मिलिमीटरचें, मोटारीचें १५ चें.

मोटारींतले दिवे वाढले तसे घोटाळेहि वाढले. ब्रेकचा दिवा वेगळा, मागचा मंद दिवा वेगळा, आणि कांहीं ठिकाणीं तर एकाच काचेंत दोन तंतु, एक तेजस्वी व एक मंद. असा दोन तंतूंचा दिवा उलटा बसला तर मंदाच्या जागीं तेजस्वी लागेल. म्हणून त्याच्या दोन खुंट्या समोरासमोरच, पण एक वर व एक खालीं अशा केल्या. तो एकाच रीतीनें बसूं शकतो. पुढें १९९० नंतरच्या दशकांत इंडिकेटरवरची नारिंगी काच जाऊन स्वच्छ काचेची आवड आली. आतां रंग काचेंत राहिला नाहीं. तो दिव्यांतच असला पाहिजे. तेव्हां स्वच्छ काचेआड कोणी पांढरा दिवा बसवूं नये म्हणून नारिंगी दिव्याच्या खुंट्याच हालविल्या. साध्या दिव्याच्या खुंट्या एकमेकींच्या बरोबर समोर, म्हणजे १८० अंशांवर असतात; नारिंगीच्या १५० अंशांवर. फरक केवळ ३० अंशांचा. माझ्या मिस्त्र्यानें कानशीनें घासून काढला तो हाच तीस अंशांचा पहारेकरी.

साध्या दिव्यावर ‘पी २१ डब्ल्यू’ अशीं अक्षरें असतात, नारिंगीवर ‘पीवाय २१ डब्ल्यू’. मधला ‘वाय’ हा इंग्रजींतील पिवळ्याचा. त्यांचीं टोपणें अनुक्रमें ‘बीए १५ एस’ व ‘बीएयू १५ एस’. यांतील पहिलें अक्षर संगिनीचें, दुसरें मोटारीचें, आंकडा रुंदीचा, आणि शेवटचें अक्षर खालीं जोडाचा ठिपका एकच आहे असें सांगणारें. दोन ठिपके असले तर शेवटीं ‘डी’ येतो. आंतला ‘यू’ म्हणजे खुंट्या सरकविल्याची खूण. एकदां हें कळलें म्हणजे दुकानांतल्या खोक्यांवरचीं अक्षरें आपल्याशीं बोलूं लागतात.

तरीपण खुंट्यांवरच विसंबून भागत नाहीं, आणि येथें मला श्रोत्यांना जरा सावध करावयाचें आहे. पांच वॅटचा, दहा वॅटचा आणि एकवीस वॅटचा असे तिन्ही साधे दिवे एकाच टोपणांत मिळतात. मोटारसायकलींच्या इंडिकेटरला पुष्कळदां दहा वॅटचा लागतो, आणि त्याचा नारिंगी भाऊ मोटारीच्या नारिंगी दिव्याच्याच टोपणांत येतो. तो मोटारींत बिनतक्रार बसेल, पण भर उन्हांत दिसणार नाहीं आणि लय बिघडवील. लॉरीचा चोवीस व्होल्टचा दिवाहि त्याच टोपणांत येतो. तो बारा व्होल्टच्या गाडींत बसतो आणि निखाऱ्यासारखा मंद लालसर जळतो. खुंट्या रंगाचा घोटाळा टाळतात, वॅट व व्होल्ट यांचा नाहीं. तो आपण वाचूनच टाळावा लागतो.

यासाठीं कामाची रीत अशी. जळालेला दिवा फेंकण्यापूर्वीं त्याच्या टोपणावरचीं बारीक अक्षरें भिंगाखालीं वाचून कागदावर लिहून घ्यावीं. पण आधींच्या कोणीं तेथें चुकीचा दिवा बसविला असेल तर जुन्याबरहुकूम नवा घेणें म्हणजे चुकीचीच नक्कल करणें; म्हणून गाडीच्या माहितीपुस्तकांतील दिव्यांचा तक्ता ताडून पाहावा. काच नारिंगी असेल तर तेथें बहुधा पांढराच दिवा हवा असतो. एकवीस वॅटचा पांढरा दिवा ४६० ल्यूमेन उजेड देतो, नारिंगी २८०. तेव्हां नारिंगी काचेमागें पुन्हां नारिंगी दिवा घातला तर खूण मंद पडते. काच स्वच्छ असेल तर दिवा नारिंगीच हवा. नवा दिवा कापडानें धरावा, होल्डरांत हिरवट गंज आला असल्यास तो साफ करावा, आणि दिवा जागेवर जात नसेल तर जोर न करतां अक्षरें पुन्हां वाचावीं. पुष्कळ नव्या गाड्यांत टोपण नसलेला, चपट्या काचेच्या बुडाचा दिवा असतो. त्याला खुंट्याच नाहींत, म्हणून तेथें वाचण्याची गरज अधिक.

एल्. ई. डी. दिव्यांविषयीं पुष्कळजण विचारतात. कारखान्यांतूनच एल्. ई. डी. बसविलेली गाडी असेल तर प्रश्नच नाहीं. पण तंतूच्या दिव्यासाठीं घडविलेल्या घरांत बाजारचा एल्. ई. डी. खोंवला, तर दोन अडचणी येतात. आरशाचा बांक हा तंतु जेथें असतो त्या एका बिंदूवर बेतलेला असतो, एल्. ई. डी. चा उजेड तेथून निघत नाहीं, त्यामुळें तो जवळून भगभगीत व बाजूनें फिका दिसूं शकतो. दुसरें असें कीं, तो इतकी थोडी वीज घेतो कीं फ्लॅशरला दिवा जळाला असेंच वाटतें आणि लुकलुक दुप्पट होते. त्यावर उपाय म्हणून सहा ओहमचा एक रोधक जोडून देतात. बारा व्होल्टवर तो रोधक चोवीस वॅट वीज केवळ उष्णतेंत घालवितो! वीज वाचविण्यासाठीं आणलेल्या दिव्यापायीं मूळच्या दिव्याहून अधिक वीज जाळावयाची, हा व्यवहार मला तरी उमगत नाहीं. आणि गंमत अशी कीं, फ्लॅशरची जी सूचना आपल्या भल्यासाठीं होती तीहि त्या रोधकानें मुकी होते.

त्या सायकलस्वाराला मीं घरीं सोडलें, जखमा धुवून औषध लावविलें, डब्याचेंहि पाहिलें. दुसऱ्या दिवशीं त्याच गॅरेजमध्यें गेलों. मिस्त्र्याला घासलेली खुंटी दाखवून तीस अंशांची हकीकत सांगितली. त्यानें ती मुकाट्यानें ऐकली. मग म्हणाला, ‘सर, कंपनी मुद्दाम दुसरा बल्ब घ्यायला लावते, असंच आम्हांला वाटायचं.’ त्याच्या म्हणण्यांत लबाडी नव्हती. खुंटी कां सरकविली हें त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें, आणि मीं तरी विचारलें कोठें होतें? आणखी दोन गाड्यांना त्यानें असाच घासून दिवा बसविला होता. त्यांच्या मालकांना माझ्यासमोरच त्यानें फोन केले. मग चार दुकानें पालथीं घालून आम्हीं ‘पीवाय’ लिहिलेला दिवा आणला. तो दाबून फिरवतांच बसला. मीं मनगटावरचें घड्याळ समोर धरून दहा सेकंद मोजलें. दहापासून वीसपर्यंत कांहींहि चाललें असतें. चौदा वेळां लुकलुकला.